एक्कावन्न किलोचं झाकण

जयवंत खराड्यांनी मला भर सभेत उभं केलं ते त्यांच्या बाजूनं बोलायला.

हायस्कूलच्या सभागृहात व्यापारी मंडळानं दोन्ही उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलावलं होतं. रविवारची दुपार होती, बसायला जागा नव्हती, माणसं खिडक्यांबाहेर उभी होती. मी तिसऱ्या रांगेत होतो. खराडे माइकवरून माझ्याकडे हात करत म्हणाले, "लोखंडाच्या कामातलं खरं कळणारी जी दोन-चार माणसं या गावात आहेत, त्यातले एक इथं बसलेत. हणमंतराव सुतार. उठा, हणमंतराव. रत्नावहिनी म्हणतात ते गटाराचं झाकण त्या भावात होईल का, एवढंच सांगा. हो की नाही."

मी उठलो. दोनशे-अडीचशे माणसांच्या नजरा माझ्यावर होत्या. खराड्यांनी उत्तर गृहीत धरलं होतं आणि धरायला कारणही होतं. त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून माझीच सही होती.

ही २००९ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या वारणोलीत तेव्हा चौदा फाउंड्र्या होत्या. ट्रॅक्टरचे आणि पंपांचे ओतीव भाग इथून परदेशी जायचे. अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या आम्ही टीव्हीवर पाहिल्या तेव्हा आपला काय संबंध, असंच वाटलं होतं. दिवाळीनंतर आवटींच्या फाउंड्रीत तयार मालाच्या पेट्या गेटाच्या आत छतापर्यंत साचल्या आणि न्यायला कोणी येईना, तेव्हा संबंध कळला. डिसेंबरात चौऱ्याऐंशीपैकी साठ जणांना घरी बसवलं. त्यात मी होतो. बावीस वर्षं मी तिथं लाकडी पॅटर्न बनवत होतो. जी वस्तू लोखंडात ओतायची, ती आधी लाकडात हुबेहूब करायची, तिचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. लाकडातली चूक लोखंडात जशीच्या तशी उतरते, म्हणून या कामाला मान होता. मान होता, पण ऑर्डरी नव्हत्या.

त्याच वेळी आमच्या वॉर्डातले नगरसेवक वारले आणि पोटनिवडणूक लागली. एका जागेची निवडणूक, पण पालिकेत दोन गट नऊ-नऊ असे अडले होते. जो निवडून येईल तो ज्या बाजूला बसेल त्या बाजूची पालिका.

खराडे हे मोठे कंत्राटदार. बोलायला गोड, अडल्यानडल्याला धावून जाणारे. जानेवारीत त्यांनी मला घरी बोलावून चहा पाजला आणि निवडणूक झाली की गोदामावर स्टोअरकीपर म्हणून घेतो, असं सांगितलं. मी सही केली. दुसरं काही सुचण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

त्यांच्यासमोर उभ्या होत्या रत्नमाला मगदूम. फाउंड्री गल्लीत त्यांची खानावळ. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्या आम्हाला भावजी म्हणायच्या. त्यांच्याकडे दुपारी एकशेचाळीस ताटं उठायची ती अडतीसवर आली होती. मंदी म्हणजे काय हे गावात सगळ्यात आधी कोणाला कळलं असेल तर त्यांना. खानावळ चालवणाऱ्या बाईनं अर्थकारणावर बोलावं याचं लोकांना हसू यायचं, पण त्या सभेत त्यांनी जे मांडलं ते ऐकताना कोणी हसलं नाही.

त्यांचं म्हणणं तीन गोष्टींचं होतं. पालिकेनं त्या वर्षी प्रवेशद्वाराची कमान आणि कारंजं यांना पैसे ठेवले होते. ते काम दोन वर्षं पुढं ढकलायचं आणि तोच पैसा आत्ता, या सहा महिन्यांत, गावाच्या गटारांवर खर्च करायचा. गटारांना लागणारी दीड हजार लोखंडी झाकणं बाहेरून येतात, ती गावातल्या फाउंड्र्यांनी करायची. आणि ज्या फाउंड्रीला हे काम मिळेल तिनं अर्ध्या माणसांना घरी न बसवता सगळ्यांना आठवड्यातले चार-चार दिवस काम द्यायचं.

"मंदी आली की सगळेच हात आखडतात," वहिनी म्हणाल्या होत्या. "पालिकेनंही आखडला तर गावात पैसा फिरायचा कुठून? घरात आजारी माणूस असताना आपण पाहुणचार थांबवतो, त्याचं दूध थांबवत नाही."

खराड्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पालिकेला टेंडर काढावं लागतं आणि सगळ्यात कमी भाव ज्याचा त्यालाच काम द्यावं लागतं. बाहेरचं झाकण गावात पोच बावीसशे रुपयांना पडत होतं. आमच्याकडे ओतीव माल किलोवर विकतात. त्रेचाळीस रुपये किलोनं साठ किलोचं झाकण पंचवीसशे ऐंशीला गेलं असतं. म्हणजे वहिनींची सगळी योजना त्या एका झाकणावर उभी होती, आणि ते झाकण तीनशे ऐंशी रुपयांनी महाग होतं.

"सांगा, हणमंतराव," खराडे पुन्हा म्हणाले.

मला 'नाही' म्हणायचं होतं. तोंडात शब्द तयार होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ते साठ किलोचं झाकण आलं. नुसता जाड सपाट तवा. असा तवा करायला पॅटर्नमेकर लागत नाही. मी मनातल्या मनात त्याची जाडी कमी केली आणि खालून बरगड्या लावल्या.

"आहे त्या झाकणाचं विचाराल तर नाही," मी म्हणालो.

खराडे हसले आणि माइकपासून मागं झाले. मी खाली बसलो नाही.

"पण ते झाकण चुकीचं आहे. साठ किलो लागतच नाहीत. खालून बरगड्या दिल्या तर एक्कावन्न किलोत तेवढंच वजन पेलेल. एक्कावन्न किलो म्हणजे बावीसशेच्या आत."

सभागृहात गडबड उडाली. खराड्यांचा चेहरा क्षणभर उतरला, पण ते मुरलेले होते. त्यांनी हात वर करून लोकांना शांत केलं आणि म्हणाले, "ठीक आहे. बोलण्यानं काही होत नाही. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारच्या बाजारात, भर चौकात, ते झाकण आणा. खडीनं भरलेला माझा ट्रक त्याच्यावर दहा मिनिटं उभा करतो. झाकण टिकलं तर वहिनींची योजना होण्यासारखी आहे, असं मी स्वतः माइकवरून सांगेन. आणि मोडलं तर वहिनींनी तसं सांगावं."

वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "मान्य आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. माझ्या बायकोनं, शालननं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"स्टोअरकीपरची नोकरी गेली म्हणायची," ती म्हणाली.

"अजून लागली कुठं होती?"

"मग आता काय करणार?"

"नऊ किलो कमी करायचे."

माळ्यावर टाकलेली माझी हत्यारांची पेटी तिनंच स्टूल लावून खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. मी त्यांना आधीच सांगून टाकलं की माझी सही खराड्यांच्या अर्जावर आहे आणि मत कोणाला देणार ते माझं मला अजून ठाऊक नाही.

"मी मत मागायला आले नाही, भावजी. झाकण मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "होईल ना?"

"मी असं झाकण आजवर केलेलं नाही, वहिनी."

"मीही निवडणूक पहिल्यांदाच लढवतेय," त्या म्हणाल्या आणि आवटींना गाठायला निघून गेल्या.

आवटी मालक माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. मोठी भट्टी पेटवायची ऐपत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. नमुन्याचा माल काढायची एक लहान भट्टी होती, तिच्यापुरता दोन वेळचा कोळसा शेडमध्ये पडून होता. तो वापरा म्हणाले. लोखंड मात्र तुमचं तुम्ही आणा.

तेही वहिनींनी बघितलं. त्या वॉर्डात मतं मागत फिरायच्या आणि प्रत्येक दारात मोडकं बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं काही, आहे का विचारायच्या. कोणी शिलाई मशीनचा तुटलेला पाय दिला, कोणी फुटक्या पंपाचं कवच, पिठाच्या गिरणीवाल्यानं तडा गेलेलं चाक दिलं. एका म्हातारीनं विळी आणून दिली, ती पोलादाची म्हणून परत करावी लागली, तर तिला वाईट वाटलं. दोन दिवसांत दोनशे किलो जमलं. आमच्यातले घरी बसलेले सात-आठ जण येऊन ते फोडून, निवडून देऊ लागले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

मी पॅटर्न घेऊन बसलो. सागवानाच्या जुन्या फळ्या होत्या. मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या चार बरगड्या आणि वर पातळ तबकडी, अशी रचना केली. लोखंड थंड होताना आकसतं, तेवढं माप वाढवून धरलं. बुधवारी संध्याकाळी पॅटर्न तयार झाला. वाळूत ठसा घ्यायला इस्माईलचाचा मुजावर आले. चाळीस वर्षं मोल्डिंग केलेला माणूस, बासष्ट वर्षांचा, त्यांनाही डिसेंबरात घरी पाठवलेलं. त्यांनी पॅटर्न हातात घेऊन उलटासुलटा केला, मधल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि काहीतरी बोलायचं ठरवून बोलले नाहीत.

शनिवारी दुपारी आम्ही ओतलं. रविवारी सकाळी वाळू फोडून झाकण बाहेर काढलं, घासलं, काट्यावर ठेवलं. पन्नास किलो नऊशे ग्रॅम. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इस्माईलचाचांनी हातोडी घेतली आणि झाकण कडेनं वाजवलं.

चांगलं बीड घंटेसारखं वाजतं. हे मडक्यासारखं वाजलं.

उलटं करून बघितलं. बरोबर मधोमध, जिथं चारी बरगड्या एकत्र येत होत्या, तिथून केसाएवढी चीर निघाली होती. ट्रक कशाला, बैलगाडीनंही ते मोडलं असतं.

मी तिथंच वाळूच्या ढिगावर बसलो. तासाभरात ही बातमी गावभर होणार होती. झालीही. दुपारी खराड्यांच्या प्रचाराच्या रिक्षावरून 'कागदावरच्या योजनांना भुलू नका' अशी नवी ओळ ऐकू यायला लागली. मला सगळ्यात जास्त भीती वहिनींना सांगायची होती. त्या आल्या, चीर पाहिली, त्यावरून बोट फिरवलं.

"कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"मला कळत नाही."

"मग कळून घ्या. चार दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "मी गुरुवार रद्द करत नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्या गेल्यावर इस्माईलचाचा माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "हणमंता, बुधवारीच बोलायला पाहिजे होतं मी. तू शिकलेला, मापात हुशार, म्हणून गप्प बसलो."

"काय ते आता बोला, चाचा."

"चार बरगड्या एका जागी भेटल्या की तिथं लोखंडाचा गोळा होतो. बाजूचं सगळं थंड होतं, गोळा शेवटपर्यंत गरम राहतो. मग तो आकसताना कोणाला ओढणार? बाजूचं तर घट्ट झालेलं असतं. तो स्वतःच फाटतो."

बावीस वर्षं मी लाकडात काम केलं. लोखंड वितळलेलं असताना काय करतं हे मी लांबून पाहिलं होतं, यांनी जवळून. मी हातातला खडू त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. वाळूवरच बोटानं एक वर्तुळ काढलं, बांगडीएवढं.

"त्यांना भेटूच देऊ नकोस," ते म्हणाले. "मधे कडं ठेव. बरगड्या कड्यापाशी थांबू देत. आत पोकळ."

मी त्या वर्तुळाकडे बघत राहिलो. मधला गोळा गेला की वजनही आणखी कमी होणार होतं. जे वाचेल ते बरगड्यांच्या मुळाशी घालता येणार होतं. रविवारी दुपारपासून सोमवार संध्याकाळपर्यंत मी मधला भाग कापून काढला, कडं बसवलं आणि जिथं जिथं दोन भाग मिळत होते तिथला प्रत्येक कोपरा गोल केला. शालन दुपारी डबा घेऊन आली आणि घरी न जाता पॅटर्नला पॉलिश पेपर मारत बसली.

मंगळवारी पुन्हा ओतलं. कोळसा संपला. आता तिसरी संधी नव्हती.

बुधवारी सकाळी वाळू फोडताना शेडमध्ये चाळीसेक माणसं होती, आवटी मालकही होते. काट्यावर पन्नास किलो सहाशे भरलं, पण या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सगळे इस्माईलचाचांच्या हातोडीकडे बघत होते. चाचांनी झाकण दोरीनं टांगलं आणि कडेवर एक टोला दिला.

तो आवाज शेडच्या पत्र्यांपर्यंत गेला आणि बराच वेळ राहिला. आवटींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

गुरुवारच्या बाजाराला इतकी गर्दी मी जत्रेतही पाहिली नव्हती. भाजीवाल्यांनी पाट्या मागं ओढून जागा करून दिली होती. चौकातल्या गटाराच्या चेंबरवर, त्याच्या चौकटीत आम्ही झाकण बसवलं. व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी आधी ते सगळ्यांसमोर काट्यावर तोललं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. मग खराड्यांचा ट्रक आला. खडी फळ्यांच्या वर दिसत होती. खराड्यांनी दगा केला नव्हता, वजनकाट्याची पावती त्यांनी लोकांना दाखवली.

ट्रक मागं-मागं आला. मागची दुहेरी चाकं झाकणाच्या कडेला लागली, थांबली आणि वर चढली. चेंबरमधून कर्रर्र असा आवाज आला. इस्माईलचाचांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "चौकट बसतेय. झाकण नाही."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

दहा मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. वहिनी झाकणापासून चार हातांवर पदर खोचून उभ्या होत्या. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी एका भाजीवालीला मेथीचा भाव विचारला आणि दोन जुड्या घेतल्या. सातव्या मिनिटाला खराडे वाकून चाकाखाली बघून आले. दहा झाल्यावर अध्यक्षांनी हात वर केला, पण ट्रक हललाच नाही. खराड्यांनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, आणखी पाच मिनिटं थांब म्हणून. कोणी हरकत घेतली नाही. वहिनींनी तर मान डोलावली.

पंधरा मिनिटांनी ट्रक पुढं गेला. चाचांनी झाकण उचलून उभं केलं आणि वाजवलं. तीच घंटा.

जो ओरडा झाला त्यात मला पुढचं काही ऐकू आलं नाही. कोणीतरी मला उचललं, कोणीतरी चाचांना. इस्माईलचाचा वरून "अरे, खाली ठेवा, कंबर आहे माझी" म्हणत होते. गर्दी जरा निवल्यावर खराडे माइकपाशी गेले. त्यांचा चेहरा पडलेला होता, पण शब्द त्यांनी पाळला.

"मी म्हटलं होतं होणार नाही. झालंय," ते म्हणाले. "वहिनींची योजना होण्यासारखी आहे. मतं मात्र मलाच द्या."

लोक हसले, मीही हसलो. पण रविवारी मतदान झालं आणि सोमवारी मोजणी झाली, तेव्हा वहिनी एकसष्ट मतांनी निवडून आल्या होत्या. त्या एकसष्टात दोन मतं आमच्या घरची होती. शालननं केंद्रातून बाहेर आल्यावर मला विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही, पण एवढं एकमेकांना कळतं.

मोजणीच्या केंद्राबाहेर खराडे मला भेटले. मी त्यांना टाळणार होतो. त्यांनीच हाक मारली.

"तुम्हाला सभेत उभं केलं ही चूक झाली माझी, हणमंतराव."

"तुम्ही खरं विचारलंत, शेठ," मी म्हणालो. "तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते गाडीत बसले. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानंतरच्या सोळा वर्षांत जेव्हा जेव्हा कोणी मला त्या झाकणाबद्दल विचारतं, तेव्हा वजन, भाव, मतं यांच्या आधी मला ते आठवतं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी पाठवलेल्या नकाशावरून पॅटर्न केले. ती वस्तू बरोबर आहे का, असं मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मार्चच्या अखेरीस पालिकेची सभा झाली. कमान आणि कारंजं पुढं ढकललं गेलं, गटारांचा ठराव दहा विरुद्ध नऊ असा मंजूर झाला. टेंडरमध्ये बाहेरच्यांनी भाव खाली आणला, एकवीसशे नव्वदपर्यंत. आमचा एकवीसशे पंचाहत्तर होता. तीन फाउंड्र्यांनी मिळून काम घेतलं. चार-चार दिवसांच्या पाळीची अट आवटींनी सगळ्यात आधी मान्य केली आणि बाकीच्यांना मान्य करायला लावली.

फाउंड्री उघडली त्या सकाळी गेटाबाहेर चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी माणसं उभी होती. पाळीप्रमाणे त्या दिवशी छप्पन्नच जणांना यायचं होतं. बाकीचे का आलेत, असं आवटींनी विचारलं, तर त्यांनी बघायला आलोय म्हणून सांगितलं. मालकांनी वहिनींना नारळ फोडायला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, नारळ मी फोडते, पण पहिलं लोखंड चाचांनी ओतायचं.

मोठी भट्टी चार महिन्यांनी पेटली होती. वाळूचे साचे ओळीनं मांडून ठेवले होते, शेवटचा साचा पार भिंतीपाशी. वितळलेल्या लोखंडाचा डोल भरून आला तसे सगळे दोन पावलं मागं झाले. इस्माईलचाचांनी डोक्याला फडकं बांधलं, पाय रोवले आणि मागं वळून आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"आता बोलू नका कोणी," ते म्हणाले आणि त्यांनी डोल कलता केला.